तहान कुणाची, तृष्णा कुणाची?

पावसाळा सरून ऑक्टोबर उजाडला की पाऊस कमी झालेल्या वर्षी महाराष्ट्रात गोदावरीच्या पाण्याचे भांडण ठरलेले असते. पैठणच्या जायकवाडी धरणात पुरेसे पाणी नसेल तर वरच्या धरणांतून ते सोडावे, अशी मागणी मराठवाड्यातून होते. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतून तिला विरोध होतो. मोर्चे निघतात, रस्ते अडवले जातात, न्यायालयात याचिका दाखल होतात. एकाच पक्षाचे दोन पुढारी वरच्या भागात एक बोलतात आणि खालच्या भागात नेमके उलटे बोलतात. २०१५, २०१८ आणि २०२३ या तिन्ही वर्षी हेच घडले. २०२३ मध्ये ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. ते प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबर सरत आला होता.

मराठवाड्याचा हक्क खरा आहे, यात शंका नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा खोऱ्यातील वरच्या आणि खालच्या धरणांत पाण्याचे समन्यायी वाटप करा, असे सांगतो. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्यासाठी सूत्र दिले : ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडावे. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. पुढे २०२३ मध्ये या सूत्राच्या फेरविचारासाठी आणखी एक समिती नेमली गेली. म्हणजे कायदा आहे, सूत्र आहे, न्यायालयाचा निकाल आहे आणि भांडणही आहे.

पण या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या माणसाचा या ८.६ टीएमसीत वाटा किती? नाशिकच्या भूमिहीनाचा किती आणि बीडच्या भूमिहीनाचा किती? वरच्या भागाचे पुढारी त्याचे नाव घेत नाहीत, खालच्या भागाचेही घेत नाहीत. त्याच्या तहानेचा उपयोग मात्र दोघेही करतात. ‘आमच्या माणसांना प्यायला पाणी नाही’ असे म्हणत धरणाचे दार उघडले जाते आणि पाणी कालव्यातून उसाच्या फडात शिरते.

बौद्ध माणसाला पाण्याचे भांडण नवे वाटू नये. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण मांडले, तेच मुळी पाण्याचे आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो घर सोडून गेला, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांनी रोहिणी नदी पुढे आणली. शाक्य आणि कोलीय या दोन गणांच्या मधून ती वाहत होती. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने त्याला विरोध केला. दोष कुणाचा याची चौकशी करा, दोन्ही बाजूंनी माणसे नेमा, त्यांनी पंच निवडावा आणि वाद मिटवावा, असे त्याचे म्हणणे होते. संघात बहुमत त्याच्या विरोधात गेले. सेनेत भरती व्हायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी देण्यात आली. कुटुंबाला शिक्षा नको म्हणून त्याने स्वतःच परिव्रज्या पत्करली.

ही कथा आपण वर्षावासात वाचतो, पण तिच्यातल्या दोन गोष्टींवर फारसे थांबत नाही. पहिली गोष्ट अशी की, मार खाल्ला तो नोकरांनी. पाणी मालकांच्या शेताचे, डोकी फुटली ती मजुरांची. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पुढे शाक्य आणि कोलीय यांच्यात समझोता झाला. लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा मिटवण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले. ही बातमी सिद्धार्थापर्यंत पोचली. त्याचे कारण संपले होते. तो घरी परत जाऊ शकत होता. तो गेला नाही. राजाराजांमधले झगडे अधूनमधून होतात, पण वर्गावर्गांतला झगडा नित्याचा आहे आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे, या विचाराशी तो येऊन थांबला. त्या दुःखावर उपाय शोधायला तो पुढे निघाला.

आजच्या महाराष्ट्राला ही कथा जशीच्या तशी लागू पडते. नाशिक विरुद्ध मराठवाडा हा रोहिणीचा तंटा आहे. त्यासाठी लवाद आहे, प्राधिकरण आहे. तो ऑक्टोबरात पेटतो आणि डिसेंबरात विझतो. पण गावाच्या आत जो झगडा आहे तो बारा महिने चालतो, आणि त्यासाठी कोणतेही प्राधिकरण नाही.

हा आतला झगडा कसा चालतो ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ४६.६ टक्के कुटुंबांना पिण्याचे पाणी घराच्या आवारातच मिळत होते; अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हे प्रमाण ३५.४ टक्के होते. आता गावोगाव नळ योजना आल्या आहेत. पण नळ येणे आणि पाणी येणे यात फरक असतो. टाकी कुठे बांधायची, पाइप आधी कोणत्या आळीतून न्यायचा आणि शेवटी कोणत्या वस्तीत, हे कोण ठरवतो? शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत पाणी पोचेपर्यंत धार करंगळीएवढी होते आणि दोन हंडे भरेपर्यंत वीज जाते. इथे कुणी ‘विटाळ झाला’ असे म्हणत नाही. म्हणायची गरजच उरलेली नाही. जे काम पूर्वी जातीचा धाक करत होता, ते आता पाइपाचा उतार करतो.

शेतीच्या पाण्याची गोष्ट याहून उघड आहे. आपल्या व्यवस्थेत पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. २००५ च्याच कायद्यांनी पाणी वापर संस्था आल्या, पण त्यांचे सदस्यत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला. ज्याला जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. आणि जमीन कुणाकडे आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींच्या हाती नऊ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र होते. लोकसंख्येत त्यांचा वाटा साडेसोळा टक्क्यांच्या वर आहे. जातीने आधी जमीन नाकारली. मग कायद्याने, जातीचा उल्लेखही न करता, जमीन नाही म्हणून पाणी नाकारले. समन्यायी हा शब्द दोन धरणांना लागू होतो, दोन माणसांना होत नाही.

आता उसाकडे पाहू. राज्यातल्या लागवडीखालील जमिनीपैकी चार-पाच टक्क्यांवर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा, दोन तृतीयांशाच्या आसपास, तो पितो, असे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या घरात पाणी जाते. ज्या मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही, तिथे कारखान्यांची धुराडी उभी राहिली, कारण कारखाना म्हणजे केवळ साखर नव्हे. कारखाना म्हणजे बँक, शिक्षणसंस्था आणि आमदारकी.

या उसाला तोडायला कोण जातो? बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, भिल्ल आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत. ज्याच्या गावात पाणी नाही म्हणून तो गाव सोडतो, तोच ते पाणी प्यालेले पीक तोडायला जातो. फडावर त्याच्या बायकोला प्यायला आणि अंघोळीला धड पाणी मिळत नाही. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साखरेच्या गोडीचा हिशेब करताना हा आकडाही त्या हिशेबात धरला पाहिजे.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले. देशभर त्या रेल्वेचे कौतुक झाले. पण त्याच काळात मराठवाड्यातले मद्यनिर्मिती कारखाने चालू होते आणि त्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. त्याच उन्हाळ्यात वाशिम जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले. त्याने कुणाशी भांडण केले नाही. मजुरीच्या वेळेआधी आणि नंतर रोज खणत त्याने सुमारे चाळीस दिवसांत एकट्याने विहीर खणली. तिला पाणी लागले. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीची गोष्ट छापली, सत्कार झाले. पण पाणी नाकारणाऱ्या विहिरीचे काय झाले, हा प्रश्न सत्कारात वाहून गेला. महाडनंतर एकोणनव्वद वर्षांनी एका माणसाला स्वतःची विहीर खणावी लागली, ही त्याच्या जिद्दीची गोष्ट आहे त्याहून अधिक आपल्या प्रजासत्ताकाच्या अपयशाची आहे.

दुष्काळात जे होते तेच महापुरात होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या शेतांत आणि घरांत शिरल्या. पिकांची मदत हेक्टरी जाहीर होते. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण ज्याचा हेक्टर नाही आणि ज्याचा महिना-दोन महिन्यांचा रोजगार त्या पिकाबरोबर वाहून गेला, त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा? पाणी कमी पडो की जास्त, भूमिहीन माणूस सरकारी कागदावर उमटत नाही. हवामान बदलते आहे, पावसाचे दिवस आणि तऱ्हा बदलते आहे, हे आता सगळेच मान्य करतात. पण बदलत्या हवामानाचा मार जातीच्या जुन्या उतरंडीवरूनच खाली येतो, हे सांगणारे थोडे आहेत.

इथे बुद्धाच्या विचाराचा खरा उपयोग आहे. पालीत ‘तण्हा’ म्हणतात, संस्कृतात ‘तृष्णा’. आपला मराठी ‘तहान’ हा शब्द त्याच तण्हेतून आला आहे. शब्द एकाच मुळाचे, पण मराठीने त्यात मोठा फरक केला. तहान ही शरीराची गरज आहे. ती तांब्याभर पाण्याने भागते. तृष्णा कशानेही भागत नाही. एक कारखाना झाला की दुसरा हवा, दहा एकर भिजली की पन्नास भिजवावीशी वाटते, तीनशे फुटांची कूपनलिका आटली की सहाशे फुटांची खणली जाते. तथागतांनी दुःखाचे मूळ तृष्णेत सांगितले, तहानेत नाही. उलट, भुकेल्या माणसाला आधी जेवू घाला, मग धम्म सांगा, अशी त्यांची वागणूक होती. त्यामुळे तहानलेल्याला ‘इच्छा कमी कर’ असे सांगणारा माणूस बुद्धाचा नव्हे. पाणी जपून वापरा, असे उपदेशाचे फलक लावायचेच असतील तर ते वस्तीच्या नळावर नव्हे, कारखान्याच्या दारावर लावले पाहिजेत.

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही. आपल्याला वाटते, ही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि आपण काही चोर नाही. पण जमिनीखालचे पाणी कुणाच्या बांधाशी थांबत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोल कूपनलिका घेतो आणि शेजारच्याची विहीर कोरडी पडते. राज्याचा भूजल कायदा २००९ चा. तो २०१४ पासून लागू आहे आणि साठ मीटरपेक्षा खोल विहिरी तो शेतीसाठी मना करतो. त्याचा अंमल किती होतो, हे गावातल्या कुणालाही विचारा. शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी रात्री मोटार लावून उपसले तर ती चोरी, आणि सहाशे फूट खालून उपसले तर ती प्रगती, असा भेद अदिन्नादानाच्या शीलात नाही.

यातून दोन एकर उसाचा लहान शेतकरी गुन्हेगार ठरतो काय? नाही. ज्वारीला, तुरीला भावाची खात्री नाही आणि उसाला कायद्याने ठरलेला दर व ठरलेले गिऱ्हाईक आहे, म्हणून तो ऊस लावतो. त्याच्यापुढे दुसरी वाट ठेवली गेलेली नाही. बुद्धाने सम्यक आजीविका सांगितली ती व्यक्तीला, पण सम्यक आजीविका शक्य होईल अशी व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी राज्याची आहे. बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना दामोदर खोरे, महानदी, सोन या नद्यांच्या नियोजनाचा पाया त्यांच्या खात्याने घातला. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जात-पात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, अशी योजना मांडली. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्गच उरू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. ती योजना स्वीकारली गेली असती तर पाणी जमिनीमागे आणि जमीन जातीमागे गेली नसती.

भूमिहीनाला पाण्याचा वाटा देणे अव्यवहार्य आहे, असे सांगणारे तज्ज्ञ भेटतात. त्यांना पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे उदाहरण द्यावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर. भूमिहीनालाही पाण्यात हक्क. आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम होते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण उभे केले आणि तिथेही पाण्याच्या समान वाटपात भूमिहीनांना धरले. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्राच्या मातीत हे घडले आहे. ते सरकारी धोरण झाले नाही, कारण ते झाले तर फडातला मजूर स्वस्तात मिळणार नाही.

आपली परंपरा तर याहून जुनी आहे. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘पोढी’ दान दिल्याच्या नोंदी आहेत. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी आणि भिक्षुणींनी धम्मदान म्हणून लेणे दिले आणि त्यासोबत पाणीही दिले. कान्हेरीतली काही टाकी आजही पाणी धरून आहेत. सम्राट अशोकाने रस्त्यांवर माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खणल्याचे आपल्या शिलालेखात नोंदवले. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, गावोगाव बहिष्कार पडले, आणि दोन आठवड्यांतच ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. बहिष्काराची धमकी सिद्धार्थालाही पाण्याच्याच प्रश्नावर मिळाली होती, हे त्या ग्रंथात लिहिताना बाबासाहेबांना महाड आठवले नसेल काय?

आता थोडे स्वतःकडे. महाडचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. चौदा एप्रिलला चौकाचौकात पाणपोया लावतो. हे चांगलेच आहे. पण चळवळीच्या आजच्या मागण्यांत पाणी किती आहे? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा लाखो माणसे तुरुंगात जायला तयार झाली. त्यानंतर आपण नोकरी, आरक्षण, स्मारके आणि निवडणुकीची जागावाटपे यांत इतके गुंतलो की जमीन आणि पाणी हे प्रश्न ‘शेतकऱ्यांचे’ म्हणून दुसऱ्यांच्या हवाली केले. तळ्याला हात लावण्याचा हक्क मिळाला, पण तळे कुणाच्या मालकीचे, त्यातले पाणी कुठे जाते, हे विचारायचे आपण सोडून दिले.

विचारायचे असेल तर मागण्या अवघड नाहीत. पाणी वापर संस्थांत भूमिहीन कुटुंबांना सदस्यत्व आणि पाण्याचा वाटा द्या. तो वाटा त्यांना सामुदायिक शेतीसाठी किंवा गायरानावर कसण्यासाठी वापरता यावा. धरणातून पाणी सुटले की त्यातले पिण्यासाठी किती आणि उसाला किती, हे गाववार जाहीर करा. गावच्या नळ योजनेत शेवटच्या वस्तीला पहिले पाणी मिळेल, असा नियम करा. ऊसतोड मजूर महिलांना फडावर पाणी, स्वच्छतागृह आणि पाळीच्या दिवसांची भरपगारी रजा कारखान्याने द्यावी. उचलीची नोंद कायद्याने व्हावी. हे सगळे ग्रामसभेत बोलता येते, ठरावात मांडता येते. ग्रामसभेत बहुमत आपल्या विरोधात जाईल. शाक्य संघातही ते गेले होते.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ ची. त्या निमित्ताने भाषणे होतात, विशेषांक निघतात. त्यांच्या जोडीला प्रत्येक गावातल्या बुद्ध विहाराने एक साधे काम हाती घ्यावे. वस्तीत किती नळ आहेत, त्यांना दिवसाआड किती वेळ पाणी येते आणि गावच्या वरच्या आळीत किती वेळ येते, याची महिनाभर वहीत नोंद करावी. ती वही घेऊन ग्रामसभेत जावे आणि हिशेब मागावा. महाडला आपण पाणी प्यायलो ते तहान लागली म्हणून नव्हे, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. आता माणसाला माणसाएवढा वाटा मिळतो की नाही, हे मोजायची वेळ आहे.